यादीतला चाळिसावा डॉक्टर

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. रस्त्यात कुणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की ते उचलून घरी आणायचे, स्वच्छ धुवायचे आणि सरबत करून आम्हा भावंडांना पाजायचे. अशा घरात वाढलेल्या माणसाला करणी, भानामती वगैरेची काय भीती वाटणार? या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर निम्मे हसतच वाचतो. रागावू नका... आज स्वतः लिहायला बसलोय म्हणून कबूल करून टाकतो. माझ्या अनुभवात भूत नाही, पांढरी साडी नाही, अमावस्या नाही. सगळं भर दुपारी, दवाखान्यात, टाय घालून घडलेलं आहे. त्यात अमानवीय असं काही असेलच तर ते मीच आहे की काय, या शंकेनं मला इतकी वर्षं धड बसू दिलेलं नाही.

गोष्ट २००४ सालची. मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावचा. बी.एस्सी. होऊन पाच वर्षं झाली होती आणि त्या पाच वर्षांत मी एक कोचिंग क्लास बुडवला होता, दोन शाळांमध्ये बिनपगारी शिकवलं होतं आणि पोलीस भरतीत छाती फुगवून परत आलो होतो. वडील काही बोलत नसत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. सकाळी पेपर आला की नोकरीच्या जाहिरातींचं पान वेगळं काढून माझ्या चहाच्या कपाखाली ठेवायचे, बस.

त्या पानावरच एका मोठ्या औषध कंपनीची जाहिरात आली. नाव सांगत नाही, तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यात तिची एखादी स्ट्रिप नक्की असेल. एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे औषधं घेऊन हिंडणारे प्रतिनिधी, पाहिजेत; मुलाखत गोंदियात, स्टेशनजवळच्या हॉटेलात. अट अशी की वय सत्तावीसच्या आत. मला ऑक्टोबरमध्ये सत्तावीस पूर्ण होणार होती आणि तेव्हा ऑगस्ट संपत आला होता. एमआरच्या धंद्यात तेव्हा ही अट सगळीकडेच असायची. म्हणजे ही मुलाखत हुकली की तो दरवाजा कायमचा बंद, हे मला आणि वडिलांना दोघांनाही पक्कं माहीत होतं.

हॉटेलच्या हॉलमध्ये साठेक पोरं. अर्ध्यांचे टाय माझ्यासारखेच उसने. मुलाखत घेणारे एरिया मॅनेजर तिवारी सर नागपूरहून आलेले, पन्नाशीचे, जाड काचांचा चष्मा. मी रात्रभर औषधशास्त्र घोकून गेलो होतो, त्यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. विचारलं काय, तर गोरेगावहून सालेकशाला पहिली बस किती वाजता, आमगावला बाजार कोणत्या वारी, आणि बाजाराच्या दिवशी डॉक्टर एमआरला भेटतो की हाकलतो. हे मला सगळं येत होतं. त्यांनी मान डोलावली आणि एका जाडजूड फायलीतून कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा माझ्यासमोर टाकला.

"चालीस डॉक्टर. सोमवार तक. चालीस मतलब चालीस, उनतालीस नहीं," ते म्हणाले.

ज्यांनी औषध कंपनीत काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. उमेदवाराला असं कामाला लावायची पद्धतच होती. आपल्या भागातल्या प्रत्येक डॉक्टरला भेटायचं आणि त्याचा एकेक फॉर्म भरायचा. नाव, डिग्री, पत्ता, भेटायची वेळ, शेजारचं मेडिकल, हे तर झालंच. पण त्याखाली डॉक्टरचा जन्मदिवस, लग्नाचा वाढदिवस, मुलं किती, आवड कसली... असे रकाने. कारण त्या त्या दिवशी कंपनीचं ग्रीटिंग कार्ड जातं, आणि एमआर दारात जाऊन "सर, आज मॅरेज ॲनिव्हर्सरी ना?" म्हणतो. डॉक्टर विरघळतो.

मी वडिलांची जुनी स्कूटर काढली आणि सहा दिवस हिंडलो. गोरेगाव, आमगाव, देवरी, कोहमारा, सडक अर्जुनी. कुठे डॉक्टर भेटले, कुठे कंपाउंडरला गुटखा खाऊ घालून जन्मतारखा काढल्या. शनिवारी संध्याकाळी मोजले तर एकोणचाळीस. रविवारी एक करता आला असता, पण रविवारी दवाखाने बंद, आणि स्कूटरचा क्लच वायर मुरदोलीच्या जंगलात तुटला होता तो अजून तसाच.

रविवारी दुपारी मी घरी खाटेवर बसून चाळिसावा फॉर्म मनानेच भरला. हे एमआर लोकांचं जुनं पाप आहे, पुढे मीही पुष्कळ पाहिलं. आडनाव घेतलं टेंभरे. आमच्याकडे कोणत्याही गावात हाक मारली तर एखादा टेंभरे ओ देईलच. डॉ. एन. टेंभरे, बी.ए.एम.एस. गाव पिपरटोला. सडक अर्जुनीच्या पुढे हायवेवर या नावाची पाटी मी येता-जाता पाहिली होती, आत कधी गेलो नव्हतो. पत्ता, धान गिरणीच्या शेजारी... गिरणी कुठे नसते! वेळ सकाळी दहा ते दोन, रोज. आवडीच्या रकान्यात जरा डोकं चालवलं. आमच्या झाडीपट्टीत हिवाळ्यात गावोगाव नाटकं होतात, म्हणून लिहिलं, नाटकात पेटी वाजवतात. स्वतःवरच खूश झालो. मुलं, एक मुलगी.

मग आला लग्नाचा वाढदिवस. आता तारीख कुठून आणू? खोटी लिहिली, कार्ड गेलं आणि परत आलं तर पकडला जाईन. मुळात बायकोच नसली म्हणजे कार्डही नाही, चौकशीही नाही. मी लिहिलं : पत्नी हयात नाही.

एवढंच. विचार करायला दोन मिनिटंही लागली नाहीत. आई आतून विचारत होती की वरणात आमसूल टाकू का, आणि मी तिला हो म्हणत म्हणत ते तीन शब्द लिहिले.

सोमवारी गोंदियाला जाऊन गठ्ठा दिला. तिवारी सरांनी चाळून पाहिला, चांगलंय म्हणाले आणि मला पाठवून दिलं. त्यानंतर अडीच आठवडे काही नाही. मी रोज पोस्टमनच्या वाटेवर. शेवटी शेजारच्या पीसीओवर निरोप आला की शुक्रवारी सकाळी तयार राहा, सर गाडी घेऊन येतायत. एक दिवस तुमच्यासोबत फिरतील, पाच डॉक्टर बघतील, मग ऑर्डर.

गाडीत बसल्याबरोबर त्यांनी माझा गठ्ठा मांडीवर घेतला आणि पेनाने पाच फॉर्मवर खुणा केल्या. पाचवी खूण केली ती सगळ्यात शेवटच्या फॉर्मवर. मी म्हटलं, सर, ते फार आत आहे, रस्ता खराब आहे. ते हसले.

"बेटा, बीस साल से लिस्ट देख रहा हूँ. झोल हमेशा आख़िर में होता है."

पहिले चार डॉक्टर व्यवस्थित झाले. एकाने तर मला नावानं हाक मारली. पण माझं कशातच लक्ष नव्हतं. मुरदोलीच्या जंगलातून जाताना दोनदा तोंड उघडलं, सांगून टाकावं म्हणून. दोनदा मिटलं. डोळ्यांसमोर तो चहाचा कप आणि खालचा पेपर. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर सरांनी जेवण मागवलं, मी नुसता कांदा कुरतडत बसलो. शुक्रवारी ते डॉक्टर बाहेरगावी असतात अशी एक पुडी सोडून पाहिली. त्यांनी शांतपणे फॉर्म माझ्यासमोर धरला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, रोज.

हायवे सोडून गाडी आत वळली. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, लोंब्या नुकत्या बाहेर पडत होत्या. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होतो. सर, चूक झाली. सर, एकच खोटा आहे, बाकी एकोणचाळीस खरे आहेत. गाव आलं. आधी दिसला कोंड्याचा ढीग, मग गिरणीचं पत्र्याचं छप्पर. ठीक आहे, गिरणी असतेच. गिरणीला लागून दोन खोल्या होत्या, बाहेर बाकावर तीन-चार पेशंट, आणि वर उन्हानं रंग उडालेला बोर्ड.

डॉ. एन. टेंभरे, बी.ए.एम.एस.

खरं सांगतो, आधी आनंद झाला. इतका की गाडीतून उतरताना मी चक्क हसत होतो. वाटलं, देवा... म्हणजे देव मानत नाही मी, पण तेव्हा तेच आलं तोंडात... वाचलो. जगात असे योगायोग होतात. भीती वाटायला आत जावं लागलं.

डॉक्टर खुर्चीत बसले होते. चाळिशीचे, सडपातळ. डोकं तुळतुळीत, नवीन भादरलेलं. मागे कपाटावर लाल कापडात गुंडाळलेली पेटी. आणि भिंतीवर एका बाईचा फोटो, हार अजून सुकला नव्हता.

तिवारी सरांनी फोटोकडे पाहिलं, डोक्याकडे पाहिलं, हातातल्या फॉर्मकडे पाहिलं. मग फार हळू आवाजात, "बहुत अफ़सोस हुआ डॉक्टर साहब," म्हणाले. थोडा वेळ थांबून त्यांनी आपलं काम केलंच. माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हा मुलगा तुमच्याकडे येऊन गेला होता का? हा प्रश्न मॅनेजर प्रत्येक दवाखान्यात विचारतो.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हो," ते म्हणाले. "आले होते हे."

नंतर आम्ही शेजारच्या मेडिकलवर गेलो. सर फोनला रेंज शोधत रस्त्यापर्यंत गेले होते. मी दुकानदाराला विचारलं की बाई केव्हा गेल्या. तो म्हणाला, परवा तेरवी झाली ना. मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. तेरवी, म्हणजे तेरावा दिवस, बुधवारी; म्हणजे ती गेली त्याच्या बारा दिवस आधी, शुक्रवारी. मी फॉर्म लिहिला त्याच्याही आधीच्या रविवारी. तो फॉर्म सोमवारी सरांच्या हातात गेला होता आणि त्यानंतर चार दिवस ती बाई या गावात जिवंत होती. स्वयंपाक करत होती, गिरणीवर धान पाठवत होती.

परतताना तिवारी सर फार खुशीत. म्हणाले, बाकीची पोरं लग्नाच्या तारखा मनानं ठोकून देतात, तू खरं ते लिहिलंस, असा माणूस कंपनीला पाहिजे. सप्टेंबर संपायच्या आत ऑर्डर हातात पडली. आईनं गल्लीत पेढे वाटले. वडिलांनी ऑर्डर दोनदा वाचली आणि उठून बाहेर गेले, बहुतेक डोळे पुसायला. मी हातातला पेढा परत डब्यात ठेवला.

आता इथे थांबून जरा हिशोब मांडतो, कारण तुम्हीही मनात तेच करत असाल. दवाखाना तिथे अकरा वर्षांपासून होता. डॉक्टर काही माझ्या पेनातून जन्माला आलेले नव्हते. सहा दिवसांत मी पन्नास मेडिकल दुकानांत उभा राहिलो होतो, कुणीतरी कुठेतरी पिपरटोल्याच्या टेंभऱ्यांचा, त्यांच्या पेटीचा विषय काढला असेल, माझ्या कानावरून गेला असेल, डोक्यानं साठवला असेल. गोंदियातल्या एका मानसोपचार डॉक्टरांनी मला पुढे हेच सांगितलं. मला पटलंही. नाव पटलं, गिरणी पटली, पेटी पटली, मुलगीही पटली. पण ज्या रविवारी बाई धडधाकट होती त्या रविवारी ती हयात नाही हे मी कुणाकडून ऐकलं असणार? यावर ते म्हणाले, योगायोग. आणि मला झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या, त्याही आमच्याच कंपनीच्या.

दर महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी मला त्या दवाखान्यात जावं लागे. मी बाहेरूनच सँपल देऊन सटकायचा प्रयत्न करायचो, ते आत बोलवायचे. माणूस फार चांगला हो. माझी औषधं न मागता लिहायचे. चहा स्वतः करायचे, घरात दुसरं कोण होतं? एकदा चहा गाळता गाळता त्यांनी ते सगळं सांगितलं. बाई खाली चटईवर झोपली होती. पहाटे उठली ती पोटात दुखतं म्हणून. अंगावर कुठे सूज नाही, दाताची खूण नाही. यांनी ॲसिडिटी समजून इंजेक्शन दिलं. उजाडता उजाडता तिला बोलता येईना. तेव्हा त्यांनी अंथरूण झटकलं आणि खालून मण्यार निघाला. गोंदियाच्या वाटेवर गाडीतच गेली.

मुलगी स्वाती, तेव्हा अकरावीत. तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. तेरवीनंतर ती बालाघाटला मामाकडे गेली ती परत आली नाही. बापाशी फोनवरही बोलत नव्हती. डॉक्टर असून आईला साप चावलेला ओळखला नाही, एवढं एकच वाक्य ती जाताना बोलली होती म्हणे. तेव्हापासून कपाटावरची पेटी कुणी खाली उतरवली नव्हती.

दीड वर्ष मी हे पोटात घेऊन हिंडलो. जेवताना आठवायचं, स्कूटरवर आठवायचं. कुणी मरण पावल्याची बातमी आली की मी आधी मनात तपासायचो, याच्याबद्दल मी कुठे काही लिहिलंय का. बायको म्हणायची... माझं मधल्या काळात लग्न झालं होतं... की तुम्ही झोपेत बोटं मोजता. शेवटी २००६ च्या एप्रिलमध्ये, डॉक्टरांचे फॉर्म नव्याने भरायचे दिवस आले तेव्हा, मी पिपरटोल्याला गेलो, पेशंट संपेपर्यंत बाकावर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. खोटा चाळिसावा फॉर्म, आमसूल, ते तीन शब्द, सगळं.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, मी तर तुम्हाला त्या दिवशीच पहिल्यांदा पाहिलं होतं.

"मग हो काऊन म्हणाले?" मी विचारलं.

"मॅनेजर पुढं बसला होता. पोट्ट्याची नोकरी जाऊन राहिली, दिसून राहिलं होतं तोंडावर. म्हणून म्हणलो."

म्हणजे बायको जाऊन पंधरा दिवस झाले असताना त्या माणसानं माझी नोकरी वाचवली होती. मला तिथेच रडू फुटलं. त्यांनी विचारलं, फॉर्म कोणत्या वारी लिहिला होता. मी सांगितलं, रविवारी. ते भिंतीकडे बघत बसले. मग एकदम चिडले. आवाज चढला नाही, पण मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"तुमच्या एका ओळीनं माणूस मरते काय? तिच्या पापण्या खाली येऊन राहिल्या होत्या, आन् मी म्हणलो झोप येऊन राहिली असन. डॉक्टर मी आहो. माझ्या हातून झालं ते. तुम्ही कायले आपल्या अंगावर घेऊन राहिले?"

मी म्हटलं, मला माहीत नाही, पण जात नाही मनातून. बाहेर गिरणी चालू होती, तिच्या आवाजानं टेबलावरच्या बाटल्या थरथरत होत्या. दीड वर्षात पहिल्यांदा मला हलकं वाटत होतं. मी बॅग उचलली तेव्हा त्यांनी विचारलं, यंदाचा फॉर्म आणला का?

आणला होता. काढा म्हणाले. मी काढला. त्यांनी मुलांच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"लिहा. एक मुलगी. वडिलांजवळ राहते."

मी म्हटलं, डॉक्टर, हे खरं नाही.

"तवा खरं होतं काय?"

आत्ता मला समजत होतं की मघाशी ते माझ्यावर चिडले, पण माझं बोलणं त्यांनी पूर्ण टाकूनही दिलं नव्हतं. बी.ए.एम.एस. झालेला माणूस, सापाचं विष कसं चढतं ते सांगू शकणारा माणूस, माझ्या पेनाकडे बघत बसला होता. मला नाही म्हणायचं होतं. ही थट्टा नाही, कंपनीचा कागद आहे, वगैरे वगैरे. पण त्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणता येत नव्हतं. मी लिहिलं. एक मुलगी, वडिलांजवळ राहते. त्यांनी फॉर्म हातात घेऊन वाचला, परत दिला आणि पुढच्या शुक्रवारी चहाला या म्हणाले.

तो फॉर्म मी दुसऱ्या दिवशी नागपूर ऑफिसला पाठवला. घरी गेल्यावर मनात हिशोब सुरू झाला आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. ती नाही आली, तर तो माणूस आशेला लागून दुसऱ्यांदा मोडेल, आणि तेही माझ्यामुळे. पण ती आली तर? माझं लिहिणं खरं होतं असं मग धरावं लागेल. आणि हे खरं, तर तेही खरं. मी नेमकं काय मागावं तेच समजेना. रस्त्यानं जाताना बालाघाटची एसटी दिसली की मी तोंड फिरवायचो.

खूप जण विचारतात, मग स्वतःसाठी काही का लिहून पाहिलं नाही? प्रमोशन, बंगला, काहीही. नाही पाहिलं. यात माझा साधेपणा वगैरे काही नाही, भीती आहे. आज मी स्वतः एरिया मॅनेजर आहे, नागपुरात राहतो, उमेदवारांच्या याद्या तपासतो. मुलाच्या शाळेचा फॉर्मसुद्धा बायको भरते. माहीत नसलेला रकाना मी कोरा सोडतो, ऑफिसमध्ये यावरून माझी टिंगल होते. इतक्या वर्षांत कितीतरी लोकांना हे सांगितलं, सगळ्यांनी काही ना काही खुलासा दिला आणि प्रत्येक खुलासा ऐकताना बरा वाटला. घरी येईपर्यंत टिकला नाही एकही.

फॉर्म लिहिल्यानंतर पाचव्या दिवशी, बुधवारी सकाळी, मी आमगावच्या एका दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. मोबाइल वाजला. डॉक्टर टेंभरे होते. आवाज ओळखायला वेळ लागला, कारण मागे कुणीतरी भांडी घासत होतं.

"स्वाती आली," ते म्हणाले. "काल संध्याकाळी. बॅग घेऊनच आली. काही बोलली नाही, सरळ चुलीपाशी गेली."

मला इतका आनंद झाला की मी उठून उभा राहिलो, शेजारचे पेशंट बघायला लागले. डॉक्टर, फार छान झालं, असं काहीतरी मी म्हणालो. पलीकडून उत्तर आलं नाही. मग माझ्याही लक्षात आलं. आम्ही दोघंही फोन कानाला लावून उभे होतो आणि दोघांच्याही डोक्यात आता तो दुसरा फॉर्म होता, दीड वर्षापूर्वीचा. मग ते बोलले.

"आता तुम्ही माझ्या दवाखान्यात येत नोका जाऊ."

मी हो म्हणालो.

"आन् थँक यू," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.